एकमताने मंजूर झालेला पंप

डिझेल इंजिनाचा पंप बैठक घेऊन निवडू नये. एवढंच सांगायचं असतं तर मी पत्रक काढलं असतं, एक पान, दोन्ही बाजूंनी छापलेलं, आणि भोपाळच्या एम. पी. नगरच्या सिग्नलवर वाटून मोकळी झाले असते. पत्रकं मी बरी लिहिते. पण पत्रकात चूक नेहमी समोरच्याची असते. या प्रकरणात समोर बघितलं की मीच दिसते, म्हणून हे लांबलचक लिहावं लागतंय.

आमची संघटना सात जणांची. शहराच्या आतली एक वस्ती उचलून पार बाहेर, माळावरच्या नव्या इमारतींत नेऊन टाकली, तेव्हापासून तिथे सिटी बस यावी म्हणून आम्ही भांडतोय. अर्ज झाले, धरणं झालं, निवेदनावर पोचल्याचे शिक्के जमले. बस आली नाही. घर दिलं म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्यांना एक साधा प्रश्न पडला नाही की घरातल्या बाईनं सकाळी कामावर जायचं कशानं. शाहपुरा आणि एम. पी. नगरमधल्या घरांना, हॉस्टेलांना सकाळी सहाला चहा लागतो. तो करणारी माणसं कुठे राहतात, हे त्यांना विचारायचं नसतं.

म्हणून बस येईपर्यंत आम्ही जीप सुरू केली. रोज पहाटे साडेपाचला वस्तीतून नऊ बायका घेऊन निघायचं. संघटनेतला एक सहकारी चालवायचा, मी त्याच्या शेजारी.

जीप एका हितचिंतकानं दिली होती. हितचिंतक या जमातीवर मी कधीतरी स्वतंत्र लिहीन. त्याच्याकडे ती दगडाच्या खाणीवर होती. जास्त ओझं ओढावं म्हणून त्यानं इंजिनाला दुसऱ्या गाडीचा, जास्त हवा कोंबणारा टर्बो बसवलेला आणि इंजिनात डिझेल फवारणारा मोठा पंप तिसऱ्याच गाडीचा. टाकीतून डिझेल उचलून त्या मोठ्या पंपापर्यंत पोचवणारा लहान पंप मात्र मूळचाच राहिला. मेकॅनिक त्याला फीड पंप म्हणतात, खोक्यावर लिफ्ट पंप लिहिलेलं असतं. पंगत वाढवली आणि वाढपी एकच ठेवला, असा प्रकार. वस्तीतून निघालं की नाला लागतो आणि नाल्यापलीकडे चढ. चढाच्या मध्यावर जीप खोकायची, काळा धूर सोडायची आणि बंद पडायची. मग कोणीतरी उतरून बॉनेट उघडायचं, हातानं पंप दाबून नळीतली हवा काढायची, की दहा मिनिटं गेली. धुराविरुद्धचं आमचं पत्रक मीच लिहिलेलं होतं, आणि मी त्या धुरात उभी राहून हवा काढत असायचे.

दहा मिनिटं सगळ्यांनाच जड होती, पण त्या नऊ जणींतल्या मावशीला सगळ्यांत जड. मावशी मूळची वर्ध्याकडची. नवरा कारखान्याच्या ठेकेदाराकडे मजुरीला आला तेव्हा ती भोपाळला आली, आणि तो गेल्यावर इथेच राहिली. कोचिंगच्या मुलींच्या एका हॉस्टेलात ती सकाळचा चहा-नाश्ता आणि संध्याकाळचा स्वयंपाक करायची. मुलींचा वर्ग सातला. मावशीला दोनदा उशीर झाला होता आणि हॉस्टेलवाल्या बाईनं सांगून ठेवलं होतं, तिसऱ्यांदा झाला तर दुसरी बघेन. दुसरी बघायला फार लांब जावं लागत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा नवा पंप घ्यायचा ठरला. ठरला म्हणजे विषय बैठकीत घ्यायचा ठरला.

आमच्याकडे मतदान होत नाही. मतदानात हरलेला रुसतो, असं आमचं तत्त्वज्ञान. सातही जणांची मान हलेपर्यंत चर्चा करायची, आणि एकाचीही अडली तर विषय पुढच्या आठवड्यात. मागण्यांच्या मसुद्याला ही पद्धत चांगली आहे, मी अजूनही म्हणते. पण त्या दिवशी दुपारी चार वाजता आम्ही सात जण, ज्यांतल्या पाच जणांनी जीपचं बॉनेट बाहेरूनच पाहिलं होतं, चटईवर बसून पंपावर बोलायला लागलो. एकाला विजेचा पंप नको होता, कारण बॅटरी गेली तर आपण परावलंबी. दुसऱ्याला परदेशी बनावटीचा नको होता. तिसरी म्हणाली, हातानं चालणारा काही प्रकार असेल तर तो जास्त लोकशाहीवादी वाटतो. मी विचारलं, चढावर तो हात कुणाचा? ती म्हणाली, आळीपाळीनं.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी बाबांना विचारलं होतं, नाही असं नाही. बाबा इथल्या मोठ्या कारखान्यात तपासणी विभागात होते. निवृत्त होऊन अवधपुरीत घर बांधलं, आणि आता घराची तपासणी करतात. नळाखाली मापाचं भांडं धरून किती सेकंदांत भरतं ते लिहून ठेवणारा माणूस.

"आधी मोज," ते म्हणाले. "इंजिन पूर्ण ओझ्यावर मिनिटाला किती डिझेल पितं? मोठ्या पंपाच्या तोंडाशी किती दाब चालतो? मग पंप बघायला जा."

"बाबा, गाडी चढत नाही. म्हणजे डिझेल कमी पडतंय. मोजायचं काय त्यात?"

"कमी पडतंय हे तुला कोणी सांगितलं?"

"अहो, बंद पडते ना."

"बंद पडते एवढंच तुला माहीतेय. का पडते ते माहीत नाही. हे दोन वेगळे कागद आहेत."

मला या उत्तराचा इतका संताप आला की मी चहा तसाच ठेवून उठले. उभं आयुष्य या माणसानं कागदाला कागद लावला, बाहेर बायका अंधारात रस्त्यावर उभ्या आहेत आणि हे मापाचं भांडं काढतायत, असं काहीबाही मनात बोलत मी जुन्या शहरात सुट्या भागांच्या गल्लीत गेले.

तिथे वेगळाच छळ. प्रत्येक दुकानदाराचा पहिला प्रश्न, गाडी कौन सी? मी सांगायचे, जीप एकीची, टर्बो दुसरीचा, पंप तिसरीचा. मग तो माझ्याकडे बघायचा, मग माझ्यामागे कोणी पुरुष उभा आहे का ते बघायचा. "मॅडम, मॉडल बताओ. मॉडल से निकलता है." आमच्या गाडीला मॉडेल राहिलं नव्हतं. सगळं गाव मॉडेल बघून औषध देतं, रोग कोणी विचारत नाही. शेवटच्या दुकानात एकानं काउंटरवर चार पंप मांडले. त्यांतला एक चांगला मुठीएवढा जाड, चकचकीत, पेट्रोलच्या मोठ्या गाडीतला. "ये सबसे पावरफुल है," तो म्हणाला. माझ्या डोळ्यांसमोर तो चढ आला आणि माझा निर्णय तिथेच झाला.

बैठकीत तो मी सगळ्यांच्या गळी उतरवला. कसा, ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, या बायकांच्या वाट्याला आजवर सगळं कमी दाबाचंच आलं, पाणी कमी दाबानं, वीज कमी दाबानं, आता आपणही त्यांना कमी दाबाचा पंप देणार का? सात माना हलल्या. परदेशी बनावटीला विरोध करणारासुद्धा विरघळला. एकाही माणसानं विचारलं नाही की या वाक्याचा इंजिनाशी काय संबंध. नियमाप्रमाणे वहीत लिहिलं, एकमताने मंजूर.

जीपचं काम बघणारे उस्ताद साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी पंप हातात घेऊन फिरवला. समोर कोणीही असो, त्यांच्या भोपाळी बोलीत तो खाँ.

"देखो खाँ, ये पेट्रोल वाला है. प्रेशर बहुत मारेगा."

"ज़्यादा ही चाहिए, उस्ताद."

"आपका डीज़ल पंप झेलेगा नहीं."

"मीटिंग में तय हो गया है."

उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. "तो फिर ठीक है," ते म्हणाले. "मीटिंग से ऊपर तो अल्लाह है." त्यांनी पंप बसवला.

सोमवारी जीप तो चढ अशी चढली की मागच्या बायका एकमेकींवर आदळल्या. मंगळवारी, बुधवारीही. मी बाबांना मुद्दाम फोन करून सांगितलं. ते म्हणाले, छान, आणि गुरुवारी पहाटे सव्वापाचला स्वतः वस्तीत हजर झाले. निघण्याआधी त्यांनी इंजिनातल्या तेलाची पट्टी ओढून पाहिली, पुसली, पुन्हा घालून पाहिली. मग नाकाशी नेली.

"तेल कमी होतं कधी कधी," ते म्हणाले. "वाढत नाही. हे वाढलंय. वास घे."

डिझेलचा वास होता. माझ्या ताकदवान पंपानं नको तितका दाब मारून मोठ्या पंपाचं गळती अडवणारं सील फोडलं होतं आणि डिझेल आतल्या आत तेलात उतरत होतं. तसंच चालवलं असतं तर पातळ झालेल्या तेलानं इंजिनच बसलं असतं. बाबांनी किल्ली काढून खिशात घातली.

नऊ बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. मावशीनं पदर खोचला आणि हायवेच्या दिशेनं चालायला लागली, तिच्यामागे बाकीच्या. हायवेवर दुधाची गाडी मिळाली तर मिळते. त्या दिवशी उशिरा मिळाली. मावशी बारा मिनिटं उशिरा पोचली. हॉस्टेलवाली बाई तिला ओरडली नाही, फक्त म्हणाली, सोमवार को बात करते हैं. न ओरडणारी माणसं मला जास्त घाबरवतात.

शुक्रवारी रात्री मावशी कामावरून परतल्यावर मी तिच्या घरी गेले. माफी मागायला गेले असं म्हणायला आवडेल, पण खरं तर मी समजावून सांगायला गेले होते. सील म्हणजे काय, दाब म्हणजे काय, आमची प्रक्रिया कशी पारदर्शक आहे. मावशी गुडघ्याला तेल चोळत ऐकत होती.

"हा पंप कोणं ठरवला वं?"

"बैठकीत ठरला, मावशी. सगळ्यांच्या संमतीनं."

"सगळे म्हणजे कोण?"

मी सात नावं सांगितली.

"यातलं जीपमधी मागं कोण बसते?"

"मागे कोणीच नाही."

"बैठक कितीले राहते तुमची?"

"चारला."

"चारले मी भाज्या चिरून राहतो," मावशी म्हणाली. "मले विचारलं असतं त सांगतलं असतं. तुमची जीप रोज नाही बंद पडत. डिझेल भरलं का दोन दिवस बरोबर चढते. टाकी अर्धी झाली का नखरे. मी मागच्या बाकावर बसतो, टाकी माह्या पायाखाली आहे. बंद पडायच्या आधी खालून कशी फुरफुर येते, सरबताच्या तळाशी नळी ओढल्यावानी. तुले समोर ऐकू येत नसन."

मी म्हणाले, "मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"काहून सांगू? तू बॉनेटमधी मुंडी घालून सगळ्यायले भाषण देत राहते. त्यात कोण बोलन." मग तिलाच माझी थोडी दया आली असावी. "स्टोव्ह पेटवला का कधी? रॉकेलचा. हवा कमी मारली त भडकते. जास्ती मारली त आवाज करते अन् एखाद दिवशी तोंडावर येते. पुरेशी मारा लागते. बस."

मी तिथून थेट अवधपुरीला गेले आणि बाबांना जसंच्या तसं सांगितलं, सरबत, स्टोव्ह सगळं. बाबा खुर्चीत पुढे सरकले. निवृत्त झाल्यापासून त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता, आणि त्याचाही मला राग आला.

"मग हा दाबाचा प्रश्नच नाही," ते म्हणाले. "ओढण्याचा आहे. जुना पंप पुढे इंजिनावर, टाकी मागे आणि खाली. टाकी भरलेली असली की त्याला ओढायला सोपं. अर्धी झाली, त्यात चढावर टाकी आणखी खाली गेली, की दम लागतो आणि कुठल्यातरी जोडातून हवा ओढतो. इंजिन जास्त मागायला लागलंय म्हणून हे आता उघड झालं. ढकलणारा पंप हवा, टाकीशेजारी. हलक्या दाबाचा. या बाईंना भेटायला पाहिजे मला."

"त्यांना सुटी रविवारी दुपारपर्यंत असते."

"मग रविवारी सकाळी. ओझंही लागेल मला, त्यांच्या मैत्रिणींना बोलाव."

उस्तादांनी शनिवारी माझा पंप काढला, मोठ्या पंपाचं सील बदलून आणलं आणि इंजिनातलं तेल नवं भरलं. रविवारी सकाळी बाबांनी जीपच्या टपावर मापाच्या खुणा केलेला डबा बांधला आणि टाकीऐवजी त्यातून नळी इंजिनाला दिली. डिझेल वरून आपोआप उतरत होतं. मागे मावशी आणि आणखी सहा जणी. उस्ताद चालवत होते, बाबा घड्याळ धरून. जीप चढ चढली, लहान पंप न लावता, नुसत्या वरून उतरणाऱ्या डिझेलवर. बाबांनी डब्याची खूण बघून आकडा लिहिला आणि मावशीला विचारलं, "आता येतोय का तो आवाज?"

"नाही येत. पण साहेब, तो डबा डोक्यावरून काढा आधी, माह्या लुगड्यावर गळून राहिला."

उस्ताद पहिल्यांदा हसले.

गल्लीतलं ते दुकान रविवारी उघडं होतं. बाबांनी मॉडेल सांगितलंच नाही. त्यांनी कागद काढला. डिझेलवर चालणारा पंप, इतका हलका दाब, आणि त्या दाबावर मिनिटाला इतकं डिझेल. दुकानदारानं एक खोकं पुढे केलं. खोक्यावरचा आकडा मोठा होता.

"ये किस प्रेशर पे?" बाबांनी विचारलं.

"अंकल, पंप है. लिखा तो है."

"लिखा है खुले मुँह पे. आगे नली लगाओगे तो कितना देगा?"

दुकानदारानं मालकाला हाक मारली. मालकानं चष्मा लावून आतला कागद वाचला आणि तो पंप स्वतःच मागे ठेवला. दुसऱ्यात पेट्रोल लिहिलेलं निघालं. तिसरा एका लहान ट्रकच्या टाकीशेजारी लावतात तसा, करड्या रंगाचा, दिसायला भिकार. हिशेबापेक्षा थोडा जास्त देणारा, दाब हलका. बाबा म्हणाले, हा. मी हजार भाषणं केली असती तरी या पंपासाठी एक मान हलली नसती, इतका तो बिनचेहऱ्याचा होता.

मला संघटनेतून फोन येत होते. बैठक न घेता खरेदी कशी केलीस, पद्धत मोडली की सवय लागते. मी म्हणाले, वहीत माझ्या नावावर लिहा. ते म्हणाले, असं एकाच्या नावावर लिहिता येत नाही. मी फोन ठेवला. मला खरंच कळत नाही, आपण व्यवस्थेशी भांडता भांडता व्यवस्थेचे इतके जवळचे नातेवाईक कसे होऊन बसतो.

सोमवारी टाकी मुद्दाम पावभरच ठेवली होती. मागच्या बाजूनं पंपाची बारीक गुणगुण येत होती. नाला आला, चढ आला, चढ संपला. मावशीनं मागून एवढंच म्हटलं, "येत नाही आवाज." सहाला सात मिनिटं कमी असताना जीप हॉस्टेलच्या दारात उभी होती. मी उतरून तिच्याबरोबर आत गेले, हॉस्टेलवालीला सांगायला की यापुढे उशीर होणार नाही, आमची जबाबदारी. मनात वाक्यं तयार होती.

स्वयंपाकघरात दुसरी एक बाई पोहे भिजवत होती.

हॉस्टेलवाली नीट बोलली. गेल्या आठवड्यात मुलींची परीक्षा होती, उपाशी गेल्या, पालकांचे फोन आले, काय करणार. सकाळचं आता ही करेल, जवळच राहते. मावशीच्या हाताची भाजी मुलींना आवडते, तेव्हा संध्याकाळचं मावशीकडेच. मी तोंड उघडलं. मावशीनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो दाबला, जोरात नाही, पुरेसा. मग ती हॉस्टेलवालीला म्हणाली, शाम का मैं करूँगी, पर अकेले सौ रोटी नहीं, बेलने को एक और चाहिए. हॉस्टेलवालीनं थोडा विचार केला आणि हो म्हटलं. अर्धं काम गेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याची अट मावशीनं उभ्या उभ्या घालून टाकली होती. माझं एकही वाक्य लागलं नाही.

बाहेर जीपमधल्या बाकीच्या बायका शाहपुऱ्याला जायला थांबल्या होत्या. मावशी दारातच उभी राहिली.

"म्हंजे सकाळची जीप मले आता नाही लागत," ती म्हणाली. "दुपारी मी उन्हातानात येईन कशीबी. पन रात्रीचा स्वयंपाक आटोपून साडेआठले परत जायचं. आजवर टेम्पोले पैसे देत होतो, अर्ध्या पगारात ते नाही जमत. तवा जीप राहते का?"

जीप सकाळचीच होती. संध्याकाळी चालवायला माणूस नव्हता, संध्याकाळच्या फेरीचा विषय कधी कुठल्या बैठकीत आला नव्हता, आणि आला असता तर निदान तीन आठवडे चालला असता. हे सगळं मला सांगता आलं असतं. प्रामाणिकपणे, पारदर्शकपणे, मुद्देसूद.

"राहते," मी म्हणाले.

"कोण चालवते?"

"मी."

मावशीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग ती पुढच्या सीटवर येऊन बसली आणि म्हणाली, "मंग आत्ता चालव शाहपुऱ्यापर्यंत. मी बघतो तुले येते का."

ड्रायव्हरच्या सीटवरून आमचा सहकारी निमूटपणे उतरला. मी किल्ली फिरवली. पहिल्या वळणावर गिअर करकरला आणि मागून कोणीतरी देवाचं नाव घेतलं.